शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वर सरकणारे जठर : हायेटस हर्नियाची गुंतागुंत

छातीतील जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे आणि रात्री अंथरुणावर आडवे होताच सुरू होणारा खोकला या त्रासातून कायमचे मुक्त व्हावे म्हणून काही रुग्ण शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारतात. बहुतेकांना तिचा उत्तम लाभ होतो. काहींच्या बाबतीत मात्र काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी जठराचा भाग श्वासपटलातील छिद्रातून पुन्हा छातीत सरकतो. आम्लप्रतिवाहावरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारा हा हायेटस हर्निया म्हणजे त्या शस्त्रक्रियेच्या अपयशाचे सर्वाधिक आढळणारे शारीरिक कारण होय. तो कसा होतो, कोणास होण्याची शक्यता अधिक, कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा, याची माहिती येथे दिली आहे.

छाती आणि पोट यांमधील खिडकी

छाती आणि पोट यांना वेगळे करणारा घुमटाकार स्नायुपडदा म्हणजे श्वासपटल. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका या पडद्यातील एका छिद्रातून पोटात उतरते आणि जठरास मिळते. या छिद्रास वैद्यकात 'हायेटस' म्हणतात. अन्ननलिकेचा शेवटचा दोन ते तीन सेंटिमीटरचा भाग पोटात असतो. लांबी थोडी असली तरी या भागाचे महत्त्व मोठे आहे. पोटातील दाब वाढला की तो या भागावरही पडतो, नळी मिटते आणि जठरातील आम्ल वर जाऊ शकत नाही. अन्ननलिकेच्या टोकाचा झडपेसारखा स्नायू आणि छिद्राभोवती चिमट्याप्रमाणे असणारे श्वासपटलाचे दोन स्नायुपट्टे त्यास साहाय्य करतात.

हे छिद्र सैल पडले की जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. हाच हायेटस हर्निया. त्याचे चार प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो. सुमारे ९५ टक्के रुग्णांत हाच प्रकार आढळतो आणि आम्लप्रतिवाहाशी त्याचे निकटचे नाते आहे. दुसऱ्या प्रकारात सांधा जागेवर राहतो, पण जठराचा घुमटाकार भाग अन्ननलिकेच्या बाजूने वर घुसतो. तिसऱ्यात या दोहोंचा संयोग असतो, तर चौथ्यात जठरासोबत आतडे किंवा अन्य अवयवही छातीत जातात. दुसऱ्या ते चौथ्या प्रकारांत जठर पिळवटण्याचा धोका असल्याने त्यांकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते.

वेढ्याची शस्त्रक्रिया आणि तिचा इतिहास

प्रतिवाह रोखण्यासाठी जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेच्या शेवटच्या टोकाभोवती गुंडाळून टाक्यांनी पक्का करतात. या शस्त्रक्रियेस 'फंडोप्लिकेशन' असे म्हणतात. तिचे जनक जर्मन शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. १९३६ साली इस्तंबूल येथे एका रुग्णाच्या अन्ननलिकेवर शस्त्रक्रिया करताना जोड सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी त्याभोवती जठराचा भाग लपेटला. त्या रुग्णाला पुढे प्रतिवाहाचा त्रास झाला नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिले. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांनी केवळ प्रतिवाहासाठी हा वेढा घातला आणि १९५६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या रोहिणीवर १९४८ मध्ये शस्त्रक्रिया करणारे निसेन ते हेच.

निसेन यांचा वेढा पूर्ण, म्हणजे ३६० अंशांचा होता. त्यामुळे काही रुग्णांना गिळण्यास अडचण येई आणि ढेकर देता येत नसे. म्हणून फ्रान्समधील झाक दोर यांनी पुढील बाजूने, तर आंद्रे तुपे यांनी मागील बाजूने अर्धवट वेढा घालण्याच्या पद्धती १९६० च्या दशकाच्या आरंभी सुचविल्या. १९९१ मध्ये बेल्जियमचे बर्नार्ड दालमान्य यांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या निसेन शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मोठ्या छेदाची गरज संपली. भारतात दुर्बीण शस्त्रक्रियेचे पर्व त्याआधी वर्षभर, १९९० मध्ये सुरू झाले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया या तंत्राने केली.

दुर्बिणीमुळे वेदना कमी झाल्या आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, परंतु एक नवे निरीक्षणही पुढे आले. उघड्या शस्त्रक्रियेच्या काळात वेढा सुटणे किंवा जठरावर घसरणे ही अपयशाची प्रमुख कारणे असत. दुर्बिणीच्या काळात वेढा शाबूत असूनही तो छिद्रातून छातीत सरकल्याचे अधिक प्रमाणात दिसू लागले. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील शल्यचिकित्सकांनी १९९५ मध्येच या हर्नियाकडे निसेन शस्त्रक्रियेची महत्त्वाची गुंतागुंत म्हणून लक्ष वेधले. आरंभीच्या काळात अनेक ठिकाणी वेढा घातला जाई, पण छिद्राचे स्नायुपट्टे टाके घालून जवळ आणण्याचे काम नेहमी होत नसे. हे काम आज शस्त्रक्रियेचा अनिवार्य भाग मानले जाते.

जठर पुन्हा वर का सरकते?

याची कारणे तीन गटांत मांडता येतात.

पहिला गट छिद्राच्या दुरुस्तीचा. श्वासपटल हा विश्रांती नसलेला स्नायू आहे. प्रत्येक श्वासासोबत तो हलतो, खोकताना व शिंकताना त्यावर जोराचा ताण येतो. स्नायुतंतूंत घातलेले टाके हळूहळू कापत जाऊ शकतात. छिद्र मुळातच मोठे असेल, स्नायू पातळ झालेले असतील किंवा ओढून जवळ आणावे लागले असतील, तर दुरुस्ती उसवण्याची शक्यता वाढते.

दुसरा गट अन्ननलिकेच्या लांबीचा. वर्षानुवर्षे आम्लाने पोळलेली अन्ननलिका व्रण आणि सूज यांमुळे आखडू शकते. अशी आखूड नळी पुरेशी मोकळी न करता, ओढून पोटात आणून वेढा घातला, तर ती ताणलेल्या रबराप्रमाणे परत वर जाऊ पाहते आणि वेढ्यालाही सोबत नेते. ताणाशिवाय किमान दोन ते अडीच सेंटिमीटर नळी पोटात राहावी, असा दंडक म्हणूनच पाळला जातो. ते साधत नसेल, तर जठराच्या वरच्या भागातून नळी लांबविण्याची, ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन कॉलिस यांनी १९५७ मध्ये सांगितलेली पद्धत वापरावी लागते.

तिसरा गट पोटातील दाबाचा. लठ्ठपणा, जुनाट खोकला, दमा, बद्धकोष्ठतेमुळे कुंथणे, जड ओझे उचलणे, पोटावरील आघात, पुढील काळातील गर्भारपण या सर्वांनी दाब वाढतो. यांत सर्वाधिक घातक म्हणजे शस्त्रक्रियेनंतर लगेच येणाऱ्या जोरदार ओकाऱ्या. टाके ताजे असताना ओकारीच्या एका जोरदार उमाळ्याने वेढा छातीत जाऊ शकतो. म्हणूनच भूल उतरताना मळमळ होऊ नये यासाठी औषधे आधीच दिली जातात. मेंदूच्या विकारांनी ग्रस्त मुलांत वारंवार ओकाऱ्या व आकडी येत असल्याने या शस्त्रक्रियेच्या अपयशाचे प्रमाण अधिक आढळते.

'पित्त काढण्या'ची सवय आणि तिचा धोका

या संदर्भात आपल्याकडील एका प्रथेचा वेगळा उल्लेख करणे आवश्यक आहे. सकाळी दात घासताना घशात बोटे घालून ओकारी काढणे, कोमट मिठाचे पाणी पिऊन उलटी करणे, वमनधौती किंवा कुंजल क्रिया करणे या गोष्टी अनेक मराठी घरांत 'पित्त पडून जाते' या समजुतीने नित्यनेमाने केल्या जातात. फंडोप्लिकेशन झालेल्या व्यक्तीस यांपैकी काहीही करण्यास मनाई आहे. पूर्ण वेढा घातलेला असेल, तर उलटी सहजी बाहेर पडत नाही. कोरड्या ओकाऱ्यांचा सारा जोर छिद्राच्या टाक्यांवर येतो. शल्यचिकित्सकास या सवयी ठाऊक असतीलच असे नाही, म्हणून रुग्णाने त्या आपणहून सांगाव्यात आणि शस्त्रक्रियेपूर्वीच सोडाव्यात.

'पित्त' या शब्दाची व्याप्तीही लक्षात घेतली पाहिजे. मराठीत अर्धशिशीला पित्त म्हणतात, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठले म्हणतात, पोट फुगले किंवा सकाळी मळमळले तरी पित्तच झालेले असते. यांपैकी पुष्कळशा तक्रारींचा आम्लप्रतिवाहाशी संबंध नसतो. केवळ 'खूप वर्षांचे पित्त आहे' एवढ्या वर्णनावर शस्त्रक्रिया झाली, तर वेढा उत्तम असूनही तक्रार कायम राहते. मग हर्निया पुन्हा झाला की मूळ निदानच चुकले, हे ठरविणे अवघड होऊन बसते.

लक्षणे कोणती?

हर्निया पुन्हा झालेल्या प्रत्येकास त्रास होतोच असे नाही. अनेकांत तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत आढळतो. त्रास होतो तेव्हा त्याची रूपे साधारणतः अशी असतात :

• थांबलेली जळजळ आणि आंबट पाणी पुन्हा सुरू होणे.
• घास छातीत अडकल्यासारखे वाटणे, विशेषतः पोळी, भाकरी, मांस गिळताना.
• थोडे खाताच छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात भरल्यासारखे होऊन दुखणे.
• जेवणानंतर धाप लागणे किंवा छातीत धडधडणे.
• न पचलेले अन्न वर येणे, रात्रीचा खोकला, आवाज बसणे.
• जठराच्या अस्तराला छिद्राच्या कडेवर घासून झालेल्या व्रणांतून रक्त झिरपल्याने रक्तक्षय होणे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सुजेमुळे गिळण्यास थोडी अडचण येणे आणि पोट फुगणे हे अपेक्षितच असते. त्यास गुंतागुंत समजून घाबरू नये. याउलट, काही महिने सुखाने गेल्यावर अचानक गिळता न येणे किंवा जळजळ परतणे हे तपासणी करून घेण्याचे निश्चित कारण आहे.

विलंब नको अशी स्थिती

छातीत गेलेले जठर स्वतःभोवती पिळवटले, तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. जर्मन शल्यचिकित्सक मोरित्स बोरखार्ट यांनी १९०४ मध्ये या स्थितीची तीन लक्षणे सांगितली. पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, काहीही बाहेर न पडता येणाऱ्या कोरड्या ओकाऱ्या आणि नाकावाटे जठरात नळी घालता न येणे, ही ती लक्षणे. यांपैकी पहिली दोन घरातील माणसांनाही ओळखता येतात. पूर्वी अशी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीत ती एकत्र दिसली किंवा त्यांसोबत ताप, धाप, काळी शौचास, रक्ताची उलटी ही लक्षणे असली, तर घरगुती उपाय न करता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचताच 'पूर्वी फंडोप्लिकेशन झाले आहे' हे वाक्य प्रथम सांगावे.

दुसरी सावधगिरी हृदयाविषयी. छातीत अचानक दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम अशी लक्षणे आल्यास 'जुनाच हर्निया असेल' असा तर्क करू नये. हृदयविकाराचा झटका आणि अन्ननलिकेची वेदना यांतील फरक घरी बसून कळत नाही. आधी हृदयालेख काढून घ्यावा, हर्नियाचा विचार नंतर. अशा वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस दूरध्वनी करण्यास संकोच करू नये.

निदान कसे होते?

संशय आल्यास साधारणपणे पुढील तपासण्या क्रमाने किंवा गरजेनुसार केल्या जातात.

बेरियम पाजून क्ष-किरण चित्रण ही जुनी, तुलनेने स्वस्त आणि या प्रश्नासाठी अत्यंत उपयुक्त तपासणी आहे. वेढा कोठे आहे, सांधा श्वासपटलाच्या वर आहे की खाली, पांढरा द्रव कोठे अडतो, हे त्यात प्रत्यक्ष दिसते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतील व्रण आणि आतून दिसणारी वेढ्याची घडी तपासली जाते. मोठा हर्निया किंवा तातडीची स्थिती असेल तर सी. टी. स्कॅन आवश्यक ठरतो. मॅनोमेट्रीने अन्ननलिकेच्या आकुंचनांचा जोर मोजतात. हा जोर क्षीण असेल, तर पुन्हा पूर्ण वेढा घालणे अहितकारक ठरू शकते. चोवीस तासांच्या आम्लमापनाने आम्ल खरोखर वर येते का याचा पुरावा मिळतो. दिवसभरातील सहा टक्क्यांहून अधिक वेळ अन्ननलिका आम्लात असेल, तर प्रतिवाह निश्चित मानला जातो. वेढ्याच्या वेळी व्हेगस मज्जातंतूस इजा झाली असल्यास जठर रिकामे होण्यास उशीर लागतो. त्याची शंका असल्यास तीही तपासणी करतात.

आकडे काय सांगतात?

स्वीडनमध्ये २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीद्वारे प्रतिवाहाची शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४७० जणांना, म्हणजे १७.७ टक्के रुग्णांना, प्रतिवाहाचा त्रास पुन्हा झाला. स्त्रिया, वयस्कर रुग्ण आणि अन्य व्याधी असलेले यांत हे प्रमाण अधिक होते. त्रास परतलेल्यांपैकी बहुतेकांना दीर्घकालीन औषधे पुन्हा सुरू करावी लागली, तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागलेले त्यांतले थोडे होते. यात अपयशाची सर्व कारणे एकत्र आहेत, केवळ हर्निया नव्हे.

मोठे, बाजूने घुसलेले हर्निया दुरुस्त केलेल्या रुग्णांचे चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील एका चाचणीत निम्म्या रुग्णांच्या छिद्रावर जैविक जाळी बसविली, निम्म्यांना केवळ टाके घातले. सहा महिन्यांनी जाळीच्या गटात ९ टक्के, तर केवळ टाक्यांच्या गटात २४ टक्के रुग्णांत हर्निया पुन्हा दिसला. जाळीचा लाभ स्पष्ट वाटला. परंतु २०११ मध्ये त्याच रुग्णांचे सुमारे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले तेव्हा हेच प्रमाण अनुक्रमे ५४ आणि ५९ टक्के झाले होते, म्हणजे फरक जवळजवळ मिटला होता. तरीही बहुतेक रुग्णांची लक्षणे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा कमीच होती आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ फारच थोड्यांवर आली. क्ष-किरण चित्रात दिसणारा हर्निया आणि रुग्णाला होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

उपचार

लहान आणि त्रास न देणाऱ्या हर्नियास बहुधा काहीच करावे लागत नाही. जळजळ असेल तर ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी औषधे, वजन घटविणे, रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास आधी घेणे आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच करणे एवढ्यानेही पुष्कळांचे भागते. औषधांनी आम्ल कमी होते, सरकलेले जठर खाली येत नाही. म्हणून अन्न अडकणे, धाप लागणे, रक्तक्षय यांसारख्या तक्रारी गोळ्यांनी सुटत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच जठर वर सरकल्याचे लक्षात आले, तर तातडीने पुन्हा दुरुस्ती करणे हिताचे असते, कारण तोवर अवयव एकमेकांस चिकटलेले नसतात. नंतरच्या काळात निर्णय सावकाश आणि पूर्ण तपासण्यांनंतर घ्यावा.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते. जुने व्रण, चिकटलेले यकृत, ओळखू न येणाऱ्या स्नायूंच्या कडा यांतून वाट काढावी लागते. जठर किंवा अन्ननलिकेस छिद्र पडणे, व्हेगस मज्जातंतू दुखावणे यांचा धोका वाढतो. प्रत्येक पुढील शस्त्रक्रियेगणिक समाधानाचे प्रमाण घटत जाते. वेढा सोडविणे, जठर खाली आणणे, अन्ननलिका छातीत वरपर्यंत मोकळी करणे, छिद्र पुन्हा शिवणे आणि नव्याने, बहुधा अर्धवट, वेढा घालणे असा तिचा क्रम असतो. कृत्रिम जाळी क्वचित अन्ननलिकेत रुतून बसते, म्हणून तिचा वापर सरसकट केला जात नाही.

लठ्ठ रुग्णांत आणि वारंवार अपयश आलेल्यांत पुन्हा वेढा घालण्याऐवजी जठराचा वरचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्यास जोडण्याचा पर्याय विचारात घेतात. वजन घटविण्यासाठीच्या बायपास शस्त्रक्रियेसारखीच ती रचना असते. त्यामुळे आम्ल वर जाण्याचा मार्गच तुटतो आणि वजनही उतरते. वजनासाठी केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेने मात्र प्रतिवाह वाढू शकतो. दोन्हींत गल्लत करू नये.

हैदराबाद आणि तेथील सोयी

हैदराबादेत अंबरपेठ, काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या भागांत मराठी भाषकांचा वावर दीर्घकाळचा. अंबरपेठेतील रुग्णास उस्मानिया सामान्य रुग्णालय आणि गांधी रुग्णालय ही दोन्ही मोठी सरकारी शिक्षण-रुग्णालये शहरातच उपलब्ध आहेत. शस्त्रक्रियेच्या इतिहासात या शहराचे नाव तसेही जुने आहे. १८४६ साली सुरू झालेल्या तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग येथे बसले होते. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण त्यांची चर्चा जगभर झाली.

आधुनिक काळात डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीमुळे पचनसंस्थेच्या उपचारांचे केंद्र म्हणून हैदराबादची ओळख झाली. पोटावर छेद न देता, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने जठराच्या वरच्या भागास चुणी घालण्याच्या पद्धतीची चाचणी या संस्थेत ७० रुग्णांवर करण्यात आली. निम्म्यांना प्रत्यक्ष उपचार, तर उरलेल्यांना केवळ देखाव्यापुरती प्रक्रिया, अशी तिची मांडणी होती. तीन महिन्यांनंतर उपचार झालेल्या गटातील ६५.७ टक्के, तर दुसऱ्या गटातील अवघ्या २.९ टक्के रुग्णांना ठरविलेल्या निकषाइतका आराम पडला. ही पद्धत छिद्राला हात लावत नाही. त्यामुळे मोठा हर्निया असलेल्यांना किंवा वेढा छातीत सरकलेल्यांना ती पर्याय ठरत नाही. जाहिरातींतील 'बिनटाक्याचा उपचार' हे शब्द वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा.

परराज्यात शस्त्रक्रिया, पाठपुरावा गावी

गोव्यासारख्या लहान राज्यातील रुग्ण बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, तसेच नातेवाइकांच्या आधारे मुंबई, बेंगळूरू किंवा हैदराबादेतही शस्त्रक्रिया करून घेतात. नंतरची तपासणी मात्र गावच्या डॉक्टरांकडे होते. हर्निया पुन्हा झाला, तर येथील शल्यचिकित्सकास सर्वांत आधी हवे असते ते पहिल्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार टिपण. वेढा पूर्ण होता की अर्धवट, छिद्रास किती टाके घातले, जाळी बसविली का, अन्ननलिका आखूड होती का, या प्रश्नांची उत्तरे घरी जाताना मिळणाऱ्या सारांशात अनेकदा नसतात. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वीच शस्त्रक्रियेचे टिपण, शस्त्रक्रियेपूर्वीचे मॅनोमेट्री व आम्लमापनाचे अहवाल, एंडोस्कोपीची छायाचित्रे आणि उपलब्ध असल्यास दुर्बिणीचे चित्रमुद्रण मागून घ्यावे. ही कागदपत्रे मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

ही गुंतागुंत टाळण्याची सर्वांत मोठी संधी पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच असते. अमेरिकेत औषधांनी जळजळ न थांबणाऱ्या ३६६ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४२ जणांना तीच औषधे योग्य रीतीने, जेवणाच्या अर्धा तास आधी, नियमाने घेताच आराम पडला. ९९ जणांची जळजळ प्रतिवाहामुळे नव्हतीच. काटेकोर तपासणीनंतर केवळ ७८ जण प्रत्यक्ष चाचणीस पात्र ठरले. अशा नीट निवडलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेने ६७ टक्के, तर औषधोपचाराने २८ टक्के जणांना लाभ झाला. शस्त्रक्रिया प्रभावी आहे, पण योग्य रुग्णासाठी, हे या आकड्यांवरून दिसते.

रुग्णाने पुढील प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : माझा त्रास आम्लामुळेच आहे याचा मापनाने पुरावा मिळाला आहे काय? मॅनोमेट्री झाली आहे काय? हर्निया केवढा आहे? वेढा पूर्ण घालणार की अर्धवट, आणि का? आपण अशा किती शस्त्रक्रिया करता? त्रास परतल्यास पुढे काय?

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

पहिले दोन आठवडे पातळ आणि मऊ आहार घ्यावा. पेज, गाळलेले सार, ताक, मऊ भात, घोटलेले वरण हे आपले नेहमीचे पदार्थ त्यास उत्तम. पाव, कोरडी पोळी, भाकरी, मांसाचे मोठे तुकडे नंतर हळूहळू सुरू करावेत. घास लहान, चावणे सावकाश, जेवण थोडे आणि अनेकदा. वायूयुक्त पेये टाळावीत. साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसची टाकी, लहान मूल असे ओझे उचलू नये. कपालभाती, भस्त्रिका, पोटावर ताण देणारी आसने व व्यायाम शल्यचिकित्सकाच्या परवानगीविना सुरू करू नयेत. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पाणी, तंतुमय अन्न आणि गरज पडल्यास सौम्य रेचक घ्यावे. खोकल्यावर वेळीच उपचार करावा, तंबाखू व धूम्रपान सोडावे, वजन आटोक्यात ठेवावे. मळमळ वाटू लागताच, ओकारी येण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे.

शस्त्रक्रियेने रचना दुरुस्त होते, पण त्या रचनेवर दिवसातून हजारो वेळा श्वासाचा आणि अनेकदा खोकल्याचा, ओझ्याचा, जेवणाचा ताण येतच राहतो. त्रास परतल्यास तो लपवू नये, स्वतःच गोळ्या वाढवू नयेत आणि घाईने पुन्हा शस्त्रक्रियेसही तयार होऊ नये. बेरियमच्या एका चित्रणाने पुष्कळदा पहिले उत्तर मिळते. पुढील मार्ग त्यानंतर, आधीची सर्व कागदपत्रे समोर ठेवून, अनुभवी शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने ठरवावा.